कूलरचा पाय

एप्रिल लागला की सौंसरात वेल्डिंगवाल्यापेक्षा मोठा माणूस उरत नाही. डॉक्टर दवाखान्यात सापडतात, आमदार लग्नाच्या मांडवात सापडतात. वेल्डिंगवाला फक्त फोनवर सापडतो, तोही दुसऱ्याच्या.

त्याला कारण आहे. पारा चाळिशी ओलांडतो, घरोघरचे कूलर माळ्यावरून उतरतात आणि उतरल्यावर कळतं की पंखा फिरतो आहे, पंप चालतो आहे, ताट्या नव्या घालता येतील, पण स्टँड गंजून गेला. तो मागच्याही वर्षी गंजलेलाच होता. पण कूलर वर चढवताना ‘पुढच्या वर्षी पाहू’ असं ठरलेलं असतं, आणि पुढचं वर्ष अख्ख्या गावाचं एकाच आठवड्यात उजाडतं. त्यातच लग्नसराई. पाहुणे येणार म्हणून कोणाला गेटला जाळी पाहिजे, कोणाला जिन्याला कठडा पाहिजे. संत्र्याच्या बागायतदाराला ट्रॉलीचा फाळका जोडून पाहिजे, आणि तो रोख पैसे घेऊन दुकानासमोर बसून असतो.

आमच्या स्टँडचा मागचा डावा पाय सुटला होता. काम म्हणाल तर दोन इंच जोडायचं. वेल्डिंगवाल्यानं भाव सांगितला दीडशे आणि वेळ सांगितली उद्या सकाळी सात.

“पक्कं?”

“आता तुमाले खोटं बोलीन का सर मी? पोट्टं शिकते माह्यं तुमच्याजवळ.”

सकाळचे सात रोज वाजत राहिले. एकदा लाइन नव्हती, एकदा रॉड संपले होते, एकदा लाइनही होती आणि रॉडही होते, पण तो सावनेरला साडूच्या घरी वास्तूला गेला होता. तोवर त्या पायाखाली आम्ही विटा रचल्या. विटांची उंची आणि पायाची उंची काही जमेना. कूलर एका अंगानं कलला, पाणीही त्याच अंगाला गेलं आणि तीनपैकी एकच ताटी भिजू लागली. तिची हवा पलंगाच्या बरोबर अर्ध्या भागावर यायची. त्या अर्ध्या भागात कोणी झोपायचं यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. मी अंगणात झोपू लागलो, एवढंच सांगतो.

अंगणात डासांच्या संगतीत मला स्वावलंबन सुचलं.

“आपणच मशीन घेऊ,” मी सकाळी जाहीर केलं.

“कूलरची?” बायकोनं विचारलं.

“वेल्डिंगची.”

ती काही बोलली नाही. तिनं घरखर्चाची वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘कूलरचा पाय’. खाली पहिली ओळ लिहिली: ‘वेल्डिंगवाला, १५०. वाचले.’ पुढे त्या पानावर जे जे आकडे आले त्यांच्यात या दीडशेचा पुन्हा पत्ता लागला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवतो. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिचा इतिहास पाहण्याची मला सवय आहे, आणि तिचा दुकानदारांना फार त्रास होतो. तर विजेच्या ठिणगीनं लोखंड जोडायची युक्ती बेनार्दोस नावाच्या रशियन गृहस्थानं १८८१च्या सुमारास काढली, कोळशाची कांडी वापरून. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात स्वीडनच्या केलबर्गनं लोखंडी रॉडला मसाल्याचा लेप दिला, आणि आजही आपला वेल्डिंगवाला ‘संपले’ म्हणून सांगतो ते हेच लेप दिलेले रॉड. आणि मग १९४८. इकडे सरदार पटेल संस्थानं जोडत होते, तेव्हा तिकडे अमेरिकेत ओहायोतल्या बॅटेल संस्थेत अॅल्युमिनियम जोडायची नवी रीत निघाली. रॉडच नको. बंदुकीतून तार आपोआप बाहेर येणार, तीच ठिणगी पाडणार आणि तीच वितळून भरणार. पाचेक वर्षांत सोव्हिएत लोकांनी तिला हवा अडवायला महागाच्या आर्गन वायूऐवजी कार्बन डायऑक्साइड चालतो हे दाखवलं आणि पोलादासाठी ती स्वस्त झाली. सरदारांचं काम मात्र तोवर आटोपून गेलं होतं.

रॉडची अडचण अशी की तो जळत जळत आखूड होतो, म्हणजे हात सारखा खाली न्यावा लागतो. नवख्याचा रॉड लोखंडाला चिकटतो आणि मग माणूस, होल्डर आणि कूलर असे तिघं एकमेकांना ओढत राहतात. तारेच्या मशीनला ही भानगड नाही. घोडा दाबायचा, हात सरकवायचा. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला पत्र्याच्या दोन तुकड्यांवरून बंदूक ओढतो, मागे टाक्यांची नक्षी उमटत जाते, आणि तो म्हणतो की हे कोणालाही जमेल. ‘कोणालाही’ यात मी बसतो, असा माझा समज झाला. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास चालतो. मी एम. ए. आहे. तेव्हा मला एक रविवार पुरेल, असं त्रैराशिक मी मांडलं.

सौंसरात माणूस जोवर काही विकत घेत नाही तोवर त्याला कोणी विचारत नाही. घेणार आहे म्हटलं की गल्लीत तज्ज्ञ निघतात. शेजारचे काकाजी वीजखात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. ते रॉडच्या पक्षाचे.

“रॉड म्हंजे रॉड, सर. दहा नंबरचा घ्या, बारा नंबरचा घ्या, खिशात टाका अन् चाला. तारेच्या नादी लागू नका. जिंदगीभर तारा ओढल्या मी. तार कोनाची होत नाही.”

मेहुणा बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. तो तारेच्या पक्षाचा, आणि त्यातही गॅसवाल्या गटाचा; त्याला तो मिग म्हणतो.

“भाऊजी, रॉड आता कोनी हातात धरते का? आमच्या कंपनीत दिवसभर मिगच चालते. सिलिंडर लावाचा, पंधरा किलोचं बंडल टाकाचं, सुरू!”

तो तिथे डिस्पॅचला आहे, वेल्डिंग त्याला खिडकीतून दिसतं, ही माहिती मला मशीन आल्यानंतर मिळाली.

आईचा तिसरा पक्ष. “आगीचा खेळ हाय बाबू. आधी जाम सावलीले जाऊन ये.” आमच्याकडे गाडी घेतली, मुलगी पाहिली, किडनीस्टोन निघाला, काहीही झालं तरी आधी जाम सावलीच्या हनुमानाला जातात. तिथला हनुमान झोपलेला आहे. एप्रिलात सौंसरच्या पंचक्रोशीत निवांत झोपलेला तेवढा एकच.

शेवटी मी मधला मार्ग काढला, बिनगॅसची तार. हिच्या पोटातच मसाला भरलेला असतो. जळताना ती आपला धूर आपणच काढते आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. सिलिंडर नको, रेग्युलेटर नको. शिवाय अंगणात वारा असला की गॅस उडून जातो आणि टाका पोकळ पडतो. बिनगॅसवालीला वारा फारसा बाधत नाही. सिलिंडरच्या पैशाची केवढी बचत! ती बचत पुढे तारेच्या किलोच्या भावात दुकानदाराला परत द्यायची असते, हे कोणत्याच व्हिडिओत आलं नव्हतं.

सौंसर राज्यानं मध्य प्रदेशात आहे, जिल्ह्यानं २०२३ पर्यंत छिंदवाड्यात होतं आणि तेव्हापासून पांढुर्ण्यात आहे. खरेदीनं ते कायम नागपुरात आहे. तेव्हा मी इतवारीतल्या लोहाओळीत गेलो. या ओळीत पायी चालताना डोक्याला अँगल, पोटरीला सळई आणि कानाला भाव लागतो.

“काय काम करता?” दुकानदारानं विचारलं.

चौदा हजाराच्या वस्तूंच्या रांगेसमोर उभं राहून ‘कूलरचा पाय’ म्हणवेना.

“फॅब्रिकेशन,” मी म्हणालो. भाव तिथेच हजारानं चढला.

त्यानं तीन खोकी काढली. एकावर दोनशे लिहिलेलं, दुसऱ्यावर अडीचशे, तिसऱ्यावर तीनशे. तिन्ही खोकी एकाच मापाची, एकाच वजनाची आणि बहुधा एकाच आईची.

“यांच्यात फरक काय?”

“पन्नास-पन्नासचा.”

“घरच्या लाइनवर चालेल?”

“चालेल? पळेल!”

“पण खरंच दोनशे अँपियर देते का ही?”

त्यानं माझ्याकडे मायेनं पाहिलं. “सर, तुम्हाला किती पाहिजेत?”

मशीन साडेबारा हजारांना पडली. ती स्वस्त होती, हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे. महाग पडलं ते तिच्यासोबतचं. दुकानदाराचा एक शब्द होता, ‘लागतंच’. किलोभर तार लागतेच. चामड्याचे हातमोजे लागतातच. आपोआप काळं होणारं हेल्मेट लागतंच, कारण डोळे दोनच आहेत. टोकाला लावायच्या तांब्याच्या टिपा लागतातच, कारण त्या जळतातच. ग्राइंडर लागतोच. “ग्राइंडर कशाला?” मी विचारलं. “सर, पहिले सहा महिने वेल्डिंग कमी आणि ग्राइंडरच जास्त चालतो.” त्या दुकानात मला कोणी खरं सांगितलं असेल तर ते एवढंच. त्रिकोणी चुंबक, तारेचा ब्रश, खपली काढायची हातोडी असं सगळं ‘लागत लागत’ पोतं भरलं. अठरा टक्के जीएसटी धरला. वहीतलं पान एका बाजूनं भरून दुसऱ्या बाजूला उलटलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं खोक्याला पाय लावून पाहिला.

“काय हाय यात?”

“वेल्डिंग मशीन.”

“सामानाचं तिकीट लागन.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, “नाही त असं करा. पाच नंबरचं सीट हालते. सावनेरला गाडी दहा मिनटं थांबते. दोन टाके मारून द्या.”

तिकीट काढलं.

संध्याकाळी आईनं मशीनवर हळदीकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, लिंबू-मिरची टांगायला जागा शोधली आणि ती हवा जायच्या जाळीवर टांगली. अंगणात खुर्च्या आल्या. काकाजी पुढच्या रांगेत होते. मी खटका दाबला. मशीनचा पंखा घुमला, आकडे पेटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बंदुकीचा घोडा दाबला आणि घरातले सगळे दिवे गेले.

“एमसीबी पडला,” काकाजी म्हणाले. निवृत्तीनंतर इतक्या आनंदानं मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी माझ्याच दाराच्या चौकटीवर खडूनं हिशेब मांडला. दोनशे अँपियरला टोकावर चोवीस व्होल्ट लागतात. म्हणजे चार हजार आठशे वॉट. मशीनची आतली घट धरली तर आत साडेपाच हजारांच्या वर घ्यावे लागतात. दोनशे तीस व्होल्टवर ते चोवीस अँपियर झाले. “अन् तुमचा प्लग सोळाचा. अन् एप्रिलात संध्याकाळी इथे दोनशे तीस कोन देते तुमाले? एकशे ऐंशी असन. म्हंजे तीसच्या वर ओढन ते. सर, इतिहासवाल्यानं आकड्याच्या मशीनीत पडू नाही.” शेवटी त्यांच्याच सल्ल्यानं मी आकडा शंभरावर आणला. दोनशेच्या मशीनमध्ये शंभर वापरायचे, आणि उरलेले शंभर खोक्यावर वाचायचे.

शंभरावर ती चालली. दिवे नुसते मंदावले. समोरच्या घरातला कूलर हळू झाला, त्याच्या पलीकडच्या घरातली मालिका आकसली, आणि प्रत्येक ठिणगीसोबत गल्लीतून एकेक ‘ओ सर!’ येऊ लागलं.

मग तार यायची थांबली. झाकण उघडून पाहिलं तर आत तारेचा असा गुंता झालेला की त्यात टोक कोणतं हे देवानंही सांगितलं नसतं. ०.८ मिलिमीटरच्या तारेच्या किलोभर बंडलात अडीचशे मीटरच्या वर तार असते. ती सगळी बंदुकीतून जायच्याऐवजी मागच्या मागे जमा होत होती. मेहुण्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी बोरगावहून मोटरसायकलवर आला, हात पुसले, आत पाहिलं आणि म्हणाला, “रोलर जास्त आवळले तुमी.” त्यानं ढिले केले. आता तार घसरू लागली. त्यानं आवळले. गुंता झाला. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावं, असं मला इतिहासावरून वाटत होतंच. त्यात ही तार पोकळ पोटाची. तिला दातेरी रोलर लागतो, गुळगुळीत खाचेचा तिला चपटी करतो. तो दातेरी रोलर खोक्याच्या तळाशी एका पुडीत होता. ती पुडी आईनं ‘कामाची नसावी’ म्हणून सुयांच्या डब्यात ठेवली होती.

तार आली. ठिणग्याही आल्या, आणि अशा आल्या की वाळत टाकलेल्या माझ्या बनियानला चाळणी झाली. टाका मात्र लोखंडाला धरेना; हातोडीनं टकटक केलं की सुटून अंगणात घरंगळायचा.

“प्लस-मायनस तपासलं?” मेहुण्यानं विचारलं. “टॉर्च प्लसलेच राह्यते. आमच्या कंपनीत—”

त्यानं वायर काढून पाहिली. टॉर्च, म्हणजे बंदूक, प्लसलाच होती. तो खूष झाला, टाके निघतच राहिले. दोघांनी मिळून लोखंडाला दोष दिला. मग लोहाओळीला दिला. बायको चहा घेऊन आली, तिनं कप ठेवायला मशीनचं उघडं झाकण बाजूला केलं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचू लागली.

“अहो, इथे लिहिलंय. गॅस असला की टॉर्च प्लसला. बिनगॅसची तार असली की मायनसला.”

“कंपनीत असं नाही,” मेहुणा म्हणाला.

“कंपनीत गॅस हाय ना तुमच्या?”

मेहुण्याला एकदम बोरगावला काम आठवलं.

वायरी उलट्या केल्यावर टाका धरू लागला. पट्टीवर जे उमटलं ते गच्चीवर वाळत घातलेल्या मुंगवड्यांसारखं दिसत होतं. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “मुंगवड्या एका आकाराच्या पडल्या असत्या रे.” मी ग्राइंडर चालवला. ग्राइंडरनं सगळं गुळगुळीत होतं, टाकासुद्धा. पुन्हा टाका, पुन्हा ग्राइंडर. अशा तऱ्हेनं तीन मिलिमीटरची पट्टी दुपारपर्यंत मी पत्र्यावर आणली.

दुपारी मशीननं संप केला. पिवळा दिवा लावला आणि नुसता पंखा फिरवत बसली. पुस्तिकेत पाहिलं तर मशीननं दहा मिनिटांपैकी किती मिनिटं काम करायचं आणि किती मिनिटं निवायचं, याचा करार छापलेला होता, आणि तो करार चाळीस अंश तापमानापुरता होता. बाहेर चव्वेचाळीस होते. चाळिसाच्या वर काम नाही, ही अट माझ्या नोकरीत असती तर! मशीन थंड करायला कूलर लागणार, आणि कूलर विटांवर. तोच ओढत बाहेर आणला आणि मशीनच्या पुढ्यात लावला. आता मी उन्हात, मशीन हवेत. बायकोनं वहीत काही लिहिलं नाही, पण वही बंद करतानाचा आवाज मला ऐकू आला.

प्रेक्षक मात्र वाढतच होते. ठिणगीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका, असं मी हेल्मेटाच्या आतून ओरडत होतो, आणि आतून ते ‘हूं हूं’ असंच बाहेर येत होतं. काकाजींनी घरून ग्रहणासाठी जपलेली एक्स-रेची फिल्म आणली. ती त्यांच्याच गुडघ्याची होती. म्हणजे स्वतःच्या गुडघ्यातून ते माझं वेल्डिंग पाहत होते. या ठिणगीचे किरण लगेच काही सांगत नाहीत, पाच-सहा तासांनी डोळ्यांत वाळू टाकतात, आणि त्यांच्यापुढे एक्स-रेच्या फिल्मच्या भरवशावर राहता येत नाही. रात्री बाराच्या सुमारास काकाजींच्या घरून पहिली हाक आली. मग समोरच्या घरून. मग गल्लीभर दिवे लागले. डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवावेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. दिवसभरात एवढ्या एकाच गोष्टीवर झालेलं. सकाळी भाजीवाली आली तेव्हा तिच्या टोपलीतले बटाटे पहिल्या तीन घरांतच संपले. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि दोन दिवस अंधारात बसायला सांगितलं. काकाजी अंधारात बसल्या बसल्या भिंतीपलीकडून ओरडत होते, “रॉड घेतला असता त असं झालं नसतं!” रॉडची ठिणगीही हेच करते, पण आजारी माणसाशी वाद घालू नये.

माझ्या डोळ्यांना काही झालं नाही. मला ताप आला. सुटलेल्या पायाऐवजी मी गच्चीवरचा जुना पाण्याचा पाइप कापून घेतला होता. तो होता जस्ताचा मुलामा दिलेला. लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, नऊशे अंशांच्या आसपासच, जस्त उकळतं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. त्या लोटात उभं राहून मी मोठ्या तन्मयतेनं काम केलं आणि संध्याकाळी मला हुडहुडी भरली. बाहेर सौंसर तापलेलं, गल्ली उघडी-वाघडी झोपलेली, आणि मी गोधडी मागतोय. एकानं मलेरिया म्हटलं, एकानं ऊन लागलं म्हटलं. आईनं दृष्ट काढली आणि शनिवारी जाम सावलीला न्यायचं ठरवून टाकलं. कोणीतरी दूध आणि गूळ द्या म्हणालं, कारण वेल्डिंगचा धूर गुळानं उतरतो. तेव्हा गूळ खाल्ला. हा ताप औषध घ्या न घ्या, एका-दोन दिवसांत आपणहून उतरतो. सकाळी तो उतरला. श्रेय गुळाला गेलं, थोडं मारुतीला, आणि गूळ वहीत ‘कूलरचा पाय’ खाली मांडला गेला.

पुढच्यांनी पाइपचा मुलामा आधी घासून घ्यावा आणि वारा पाठीशी घेऊन उभं राहावं, एवढं मी जाता जाता सांगतो. मला सल्ला द्यायला आता अधिकार आला आहे.

आणि पाय बसला! तो काढायला आता क्रेन लागेल. फक्त तो बाकीच्या तिघांपेक्षा बोटभर लांब झाला. कूलर आता दुसऱ्या अंगाला कलतो, दुसरी ताटी भिजते, आणि हवा पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर येते. मग ज्या विटा त्या पायाखाली होत्या त्या आम्ही उरलेल्या तीन पायांखाली वाटून दिल्या. हिशेबात विटा वाढल्या, पण त्या घरच्याच होत्या.

गावात माझं नाव झालं. माझ्या विद्यार्थ्यांच्या बापांना मी इतकी वर्षं ‘सर’ होतो, आता कामाचा माणूस झालो. कोणी लहान पोराच्या सायकलीचं मडगार्ड घेऊन येतं, कोणी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या गाड्याची चाकं आणतं. पैसे कोणी देत नाही, कारण ‘तुमची त घरचीच मशीन हाय’. एक दिवस तर खुद्द वेल्डिंगवालाच आला. सीझन संपला होता, हात मोकळे होते. त्यानं स्टँडभोवती एक चक्कर मारली, खाली बसून पायाचा जोड पाहिला, बोटानं चाचपला, वर पाहिलं.

“कोनी मारलं?”

“मी.”

“सर, मजबूत हाय.” मग हलकेच, “लेकरांना इकडून जवळून जाऊ देऊ नका फक्त. धार हाय त्याले.”

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचा झेंडा रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि संध्याकाळपर्यंत गोटे चालतात. पोळ्याच्या आठवडाभर आधी पांढुर्ण्याचा भाचा मोटरसायकल घेऊन दारात हजर.

“मामा, ते वेल्डिंगचं हेल्मेट द्या ना.”

“अरे, ते गोट्यांसाठी नाही. प्लास्टिकचं आहे. समोर उजेड झाला की काच काळी होते त्याची.”

“गोटा लागला का तशीबी काळीच होते मामा सगळी दुनिया.”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याच्या सासुरवाडीहून होता. ती सावरगावची.

“भाऊजी, ते तुमचं हेल्मेट मोकळं हाय का पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी?”

मी दोघांनाही समजावू लागलो, की बाबांनो, तुम्ही मुळात नदीवर जाऊच नका. आतून वही उघडल्याचा आवाज आला, आणि मग बायकोचा.

“अहो, ऐकलं का? डिपॉझिट किती देतो म्हणते, ते विचारा दोघाले.”